पार्क स्ट्रीटवरचे नाटकघर

बँकेच्या बदलीमुळे मी कोलकात्यात तीन वर्षे काढली. त्याआधीची वीसेक वर्षे हौशी नाट्यसंस्थांची प्रकाशयोजना करण्यात गेली होती, त्यामुळे नव्या गावात पाऊल ठेवले की आधी तिथले नाट्यगृह शोधायचे, ही खोड अंगात मुरलेली होती. कोलकात्यात अशा माणसाची चंगळच असते. मात्र ज्या नाट्यगृहाने मला तिथे सर्वाधिक गुंतवून ठेवले, ते मला कधीच पाहता आले नाही. ते १८४९ साली बंद पडले आणि त्याच्या जागेवर आज पार्क स्ट्रीटवरचे सेंट झेवियर्स कॉलेज उभे आहे.

त्या नाट्यगृहाशी माझी गाठ पडली ती एका तारखेमुळे. ५ नोव्हेंबर १८४३ ही तारीख मराठी नाटकवाल्याला पाठ असते. त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि म्हणूनच आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. कोलकात्यातल्या इंग्रजी नाटकांची हकिगत वाचताना एका संध्याकाळी मला २ नोव्हेंबर १८४३ ही तारीख दिसली आणि मी पुस्तक मिटून बसलो. सांगलीच्या त्या प्रयोगाच्या अवघे तीन दिवस आधी, पार्क स्ट्रीटवरच्या ‘साँ सूसी’ नाट्यगृहात, प्रवेशाची वाट पाहत विंगेत उभ्या असलेल्या एका नटीच्या झग्याला तेलाच्या दिव्याची ज्योत लागली. तिचे नाव एस्थर लीच. त्याच महिन्यात ती गेली. तेव्हा ती ३४ वर्षांची होती.

एका टोकाला एक रंगभूमी डोळे उघडत होती आणि दुसऱ्या टोकाला एक रंगभूमी होरपळत होती, असे काहीतरी त्या रात्री मी वहीत लिहिले आणि दुसऱ्या दिवशी खोडले. सांगलीला पार्क स्ट्रीट ठाऊक नव्हते आणि पार्क स्ट्रीटला सांगली. दोन्हीकडे उजेड तेलाचाच होता, एवढेच काय ते साम्य. पण ज्याने वर्षानुवर्षे विंगेत दिव्यांजवळ उभे राहून काम केले आहे, त्याला एवढे साम्य पुरेसे होते.

एस्थरचा जन्म मीरतचा. ती एका साध्या गोऱ्या सैनिकाची मुलगी आणि सैनिकाचीच बायको. १८२६ साली ती कोलकात्याच्या चौरंगी थिएटरमध्ये रंगमंचावर आली आणि पाहता पाहता तिथल्या इंग्रजी रंगभूमीची पहिल्या मानाची नटी झाली. चौरंगी थिएटर १८१३ मध्ये सुरू झालेले, गोऱ्या साहेबांच्या वर्गणीवर चालणारे आणि त्यामुळे कायम कर्जात बुडालेले. १८३५ मध्ये ते लिलावात निघाले तेव्हा द्वारकानाथ टागोरांनी ते विकत घेतले. त्यानंतर चारच वर्षांनी, ३१ मे १८३९ च्या रात्री, ते जळून खाक झाले. ज्या रस्त्याला पुढे अनेक वर्षे थिएटर रोड म्हणत आणि जो आता शेक्सपिअर सरणी आहे, त्याला ते नाव या जळालेल्या नाट्यगृहावरून पडले होते.

आगीने एक नाट्यगृह गिळल्यावर दुसरे उभारण्याची उमेद बाळगणारी बाई म्हणजे काय चीज असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. एस्थरने आधी एका तात्पुरत्या जागेत काही महिन्यांतच प्रयोग सुरू केले. मग नव्या इमारतीसाठी वर्गणी काढली. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांनी १००० रुपये दिले आणि द्वारकानाथ टागोरांनीही तेवढेच दिले. मार्च १८४१ मध्ये पार्क स्ट्रीटवर नवे नाट्यगृह उघडले. दर्शनी बाजूला ग्रीक धर्तीचे उंच खांब होते आणि नाव होते साँ सूसी. या फ्रेंच शब्दांचा अर्थ निश्चिंत, चिंता नसलेले. प्रशियाच्या राजाच्या प्रसिद्ध महालाचेही हेच नाव आहे. (सांगलीच्या आश्रयदात्याचे नाव चिंतामणराव होते, हे मला उगाचच आठवते. नावांच्या असल्या गमतींना अर्थ नसतो, पण नाटकवाले शकुन मानणारे असतात.)

निश्चिंत नावाच्या त्या घरात मालकिणीला अडीच वर्षांहून थोडा अधिक काळ मिळाला.

त्या काळच्या रंगमंचाचा उजेड कसा होता, हे आजच्या प्रेक्षकाला सांगावे लागते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत दिव्यांची रांग आणि विंगांमध्ये उभ्या मांडणीवर आणखी दिवे. नटाचा चेहरा खालून आणि बाजूने उजळायचा. बायकांच्या झग्यांना हातभर घेर असायचा, कापड बहुधा मलमलीचे किंवा जाळीचे, आणि विंगेत दोन माणसे समोरासमोर आली तर अंग चोरूनच उभे राहावे लागे. नट प्रवेशासाठी वाट पाहतो तेव्हा त्याचे सगळे लक्ष रंगमंचावर असते. कान समोरच्या वाक्याकडे लागलेले असतात, ओठ पुढचे वाक्य पुटपुटत असतात आणि पाठीमागे काय आहे याचे त्याला भान नसते. मी हे शेकडो वेळा पाहिले आहे. एकदा एका स्पर्धेच्या रंगीत तालमीत, घाईत बांधलेल्या स्पॉटचे तोंड झालरीच्या फार जवळ गेले. आधी दिव्यापुढचा रंगीत कागद, म्हणजे लाल जिलेटिन, कडेने काळे पडून वळू लागले, मग झालरीच्या शिवणीपाशी चहाच्या डागासारखा तपकिरी गोल उमटला. डोळ्यांच्या आधी नाकाला कळले. गरम धुळीचा वास आणि त्याखाली जळक्या सुताचा. मी मेन स्विच ओढला, सभागृह काळेठिक्कर झाले आणि दिग्दर्शक माझ्या नावाने ओरडला. झालर वाचली, पण त्या वासाने मला कायमचे भित्रे करून टाकले. एस्थर लीचबद्दल वाचताना मला पहिल्यांदा तोच वास आला.

ती गेल्यावर साँ सूसी लगेच मेले नाही. ते रखडत चालले आणि मावळण्याच्या एक वर्ष आधी तिथे एक असा प्रयोग झाला की त्यासाठीच त्या जागेला नमस्कार करावा. १७ ऑगस्ट १८४८ रोजी ‘ऑथेल्लो’च्या मुख्य भूमिकेत बैष्णवचरण आढ्य नावाचा एक बंगाली तरुण उभा राहिला. सगळी मंडळी गोरी आणि मधोमध हा एकटा. डेस्डेमोनाचे काम मिसेस अँडरसन यांनी केले, म्हणजे एस्थर लीचच्या मुलीने. प्रयोग आधी ठरला होता त्या रात्री लष्करी अधिकाऱ्याने आपल्या शिपायांना रंगमंचावर जायला मनाई केली आणि नट नसल्याने पडदा उघडलाच नाही. जमलेल्या गर्दीला परतावे लागले. पुढच्या खेपेला मात्र प्रयोग झाला. वर्तमानपत्रांनी कौतुक केले आणि एका पत्रलेखकाने त्याच्या रंगावरून किळसवाणी थट्टाही केली. ज्या ठिकाणी आईच्या झग्याने पेट घेतला, त्याच रंगमंचावर पाच वर्षांनी मुलीने एका काळ्या ऑथेल्लोच्या हातून मरण्याचे सोंग घेतले, हे कोणा नाटककाराने लिहिले असते तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते.

मे १८४९ मध्ये साँ सूसीचा शेवटचा खेळ झाला आणि वास्तू कोलकात्याचे कॅथलिक आर्चबिशप पॅट्रिक कॅर्यू यांनी विकत घेतली. त्यांना शाळा चालवायला जागा हवी होती. नाटकाचे घर धर्मगुरूने घेतले, यात लोकांना गंमत वाटते आणि ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली ते सगळे इथे हसले. मला त्यात विसंगती दिसत नाही. नाट्यगृहाला आणि शिकवण्याच्या दिवाणखान्याला एकाच गोष्टीची गरज असते : मागच्या रांगेतल्या माणसाला पुढचे दिसले पाहिजे आणि ऐकू आले पाहिजे. कॅर्यूंनी घेतले ते चुन्याविटांचे बांधकाम होते, पण त्याच्या पोटात ती सोय आधीच बांधलेली होती.

कॅर्यू १८५५ मध्ये वारले. जेझुइट पाद्र्यांनी कोलकात्यात कॉलेज चालवण्याचा एक प्रयत्न पूर्वीच करून पाहिला होता, पण इंग्लंडहून आलेल्या त्या मंडळींना १८४६ मध्ये गाशा गुंडाळावा लागला होता. मग बेल्जियमच्या जेझुइटांवर जबाबदारी आली. ते १८५९ च्या अखेरीस आले आणि जानेवारी १८६० मध्ये फादर हेन्री डेपेल्चिन यांच्या हाताखाली आजचे सेंट झेवियर्स या जुन्या नाट्यगृहाच्या जागेत सुरू झाले. १८६२ मध्ये त्याला कलकत्ता विद्यापीठाची संलग्नता मिळाली. डेपेल्चिन पुढे आफ्रिकेत झांबेझीच्या मोहिमेवर गेले. त्यांच्याबद्दल मला याहून अधिक लिहायचे नाही, कारण माझा नायक त्यांच्या नंतर सहा वर्षांनी, डिसेंबर १८६५ मध्ये, बोटीतून उतरला.

फादर युजीन लाफाँ बेल्जियममधल्या माँस गावचे. कोलकात्यात आले तेव्हा २८ वर्षांचे होते. त्यांना भौतिकशास्त्र शिकवायचे होते आणि ते फळ्यावर शिकवण्याची त्यांची तयारी नव्हती. उपकरणे हवीत, प्रयोग समोर झाला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. त्यांनी कॉलेजात प्रयोगशाळा उभी केली आणि गच्चीवर हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी काहीशी जुळवाजुळव करून एक छोटी वेधशाळा थाटली. हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. त्याच्या आधीची ही गोष्ट. ५ ऑक्टोबर १८६४ च्या भयंकर वादळात हुगळीच्या काठची हजारो माणसे मेली होती आणि शहराला त्याची धास्ती होती. १८६७ च्या नोव्हेंबरात, पुन्हा नोव्हेंबरच, गच्चीवरच्या रोजच्या नोंदींवरून लाफाँना येऊ घातलेल्या वादळाचा सुगावा लागला. वायुभारमापकातला पारा वेळेआधी आणि नेहमीपेक्षा जास्त उतरत होता. त्यांनी सरकारी अधिकाऱ्यांना आगाऊ कळवले आणि त्यामुळे अनेकांचे जीव वाचवण्याची तजवीज करता आली.

मला त्या दृश्याचा मोह पडतो. काळा झगा घातलेला एक तरुण पाद्री, जुन्या नाटकघराच्या जागेतल्या गच्चीवर, वाऱ्यात झग्याचा घोळ एका हाताने सावरत, दुसऱ्या हाताने आकडा लिहितो आहे. खाली एकेकाळी दिव्याकडे लक्ष नसल्याने एक बाई गेली होती, आणि वर हा माणूस पाऱ्यावरून नजर हटवायला तयार नव्हता. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही, हे मी स्वतःला बजावतो. तरी त्या माझ्या मनात शेजारी शेजारीच राहतात.

पण लाफाँ हे माझे नायक आहेत ते वादळामुळे नव्हे. ते अस्सल रंगकर्मी होते, म्हणून. त्यांनी कोलकात्याच्या लोकांसाठी विज्ञानाची जाहीर व्याख्याने सुरू केली. अंधार केलेल्या खोलीत दिव्याच्या कंदिलातून पडद्यावर चित्रे पाडायची, विजेची ठिणगी उडवून दाखवायची, प्रकाशाचे सात रंग भिंतीवर पसरायचे, आणि लोक चकित झाले की मगच कारण सांगायचे. युरोपात एखादे नवे उपकरण निघाले की ते मागवून घेऊन लोकांसमोर चालवून दाखवायचे, हा त्यांचा ध्यास होता. आमच्या भाषेत सांगायचे तर त्यांना ‘एन्ट्री’ कळत होती. आधी अंधार, मग उजेड, मग वाक्य. काही विद्वान त्यांना संशोधक म्हणून फारसे मोजत नाहीत, आणि हेही खरे की त्यांच्या नावावर मोठा शोध नाही. मला वाटते की प्रत्येकाने नाटक लिहिलेच पाहिजे असे नाही. ज्याने पडदा उघडला त्याचेही नाव श्रेयफलकावर असते.

१८७४ च्या डिसेंबरात शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. तो पाहण्यासाठी प्येत्रो ताकिनी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाचे पथक बंगालमध्ये मधुपूरला आले होते आणि लाफाँ त्यांच्यात सामील झाले. इटलीत हिवाळाभर ढग असतात आणि कोलकात्यात हिवाळ्यात आभाळ निरभ्र, तेव्हा इथे सूर्याची वेधशाळा असेल तर सूर्याच्या नोंदींत खंड पडणार नाही, हा ताकिनींचा मुद्दा लाफाँनी उचलून धरला, वर्गणी गोळा केली आणि १८७५ मध्ये कॉलेजात वेधशाळा उभारली. त्याच पार्क स्ट्रीटवर एस्थर लीचनेही वर्गणीच काढली होती. तिच्या नाट्यगृहात प्रेक्षक खाली बसून उजळलेल्या चेहऱ्यांकडे पाहायचे. आता दुर्बिणीला डोळा लावून लोक सर्वांत मोठ्या दिव्याकडे पाहू लागले. लाफाँच्या नावाची वेधशाळा आजही कॉलेजच्या गच्चीवर आहे.

लाफाँ आणि डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांची मैत्री हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे. सरकारांनी १८७६ मध्ये बहुबाजारात भारतीय विज्ञान परिषद, म्हणजे इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, काढली तेव्हा लाफाँ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि तिथे वर्षानुवर्षे व्याख्याने देत राहिले. याच संस्थेच्या प्रयोगशाळेत १९२८ मध्ये रामन यांना त्यांचा ‘परिणाम’ सापडला.

झेवियर्समध्ये लाफाँच्या पुढे बसून जे प्रयोग पाहत होते त्यांत जगदीशचंद्र बोस होते. ते इथूनच १८७९ मध्ये बी. ए. झाले. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये बोसांनी तारेवाचून लहरी भिंतींपार पाठवल्या, दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. त्याची वर्णने वाचताना गुरू कोण होता हे सांगावे लागत नाही. नुसते समीकरण मांडून भागले असते, पण घंटा वाजली पाहिजे, हे शिक्षण लाफाँचे. वृद्ध लाफाँनी पुढे बोसांच्या कामाचे प्रात्यक्षिक झेवियर्समध्येच जाहीरपणे करून दाखवले. हा विद्यार्थी माझ्याही पुढे गेला, हे सांगण्यासाठी रंगमंच वापरणारा शिक्षक विरळा. १९०८ मध्ये दार्जिलिंगला लाफाँ वारले.

आणखी एक विद्यार्थी इथल्या शाळेत १८७५ च्या सुमाराला थोडे दिवस होता आणि त्याचे मन तिथे रमले नाही. त्याचे आजोबा म्हणजे साँ सूसीला १००० रुपये देणारे द्वारकानाथ. रवींद्रनाथांना शाळा म्हणजे कोंडवाडा वाटे. झेवियर्सबद्दलही त्यांचे मत काही वेगळे नव्हते, पण आपल्या आठवणींत त्यांनी तिथल्या फादर डी पेनेरांडा यांचा उल्लेख मात्र फार हळुवारपणे केला आहे. तास चालू असताना हा मुलगा लेखणी थांबवून बसलेला पाहून फादर मागून आले, वाकून पाठीवर हात ठेवला आणि बरे वाटत नाही का, एवढेच विचारले. रवींद्रनाथ ते आयुष्यभर विसरले नाहीत. शाळेच्या इतिहासात असल्या गोष्टीला जागा नसते. माझ्या मते ती जागा वेधशाळेच्या शेजारी असावी.

आज रस्त्यावरून दिसते ती भव्य दर्शनी इमारत १९३० च्या दशकातली आहे. साँ सूसीचे खांब कधीच गेले. जुन्या इमारतींच्या प्रेमात पडलेल्या लोकांत एक चाल असते, गेलेल्या भिंतींसाठी गळा काढण्याची, आणि मलाही सुरुवातीला ती चाल लागली होती. नंतर कळले की या जागेवर नाटक थांबलेलेच नाही. १९४० च्या दशकात उत्पल दत्त नावाचा मुलगा इथे इंग्रजी साहित्य शिकत होता आणि शेक्सपिअरच्या नादाने झपाटलेला होता. जेफ्री केंडल यांच्या फिरत्या इंग्रजी मंडळींत तो गेला आणि पुढे बंगाली रंगभूमीचा एक खांब झाला. आपल्याकडच्या पुष्कळांना तो मिशीवर फिदा असलेला हिंदी सिनेमातला भवानीशंकर म्हणूनच माहीत आहे. बैष्णवचरण आढ्यानंतर शंभर वर्षांनी त्याच भूमीवर एक बंगाली मुलगा शेक्सपिअर घोकत होता.

माझी बदली परत मुंबईला झाली त्या वर्षी, २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, मी मुद्दाम पार्क स्ट्रीटला गेलो. कॅथलिकांचा तो मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावतात. एस्थरचा झगा पेटला तोही याच दिवशी, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. फाटकावरच्या पहारेकऱ्याला मी माझ्या मोडक्या बंगालीत विचारले की इथे पूर्वी थिएटर होते ना. त्याने मला आपादमस्तक न्याहाळले, हा म्हातारा बहुधा कार्यक्रमाला आला आहे असे ठरवले आणि आत बोट दाखवून म्हणाला, “ऑडिटोरियम ओई दिके, दादा.”

मी त्या दिशेने गेलो. आत कसलीशी तालीम चालली होती. दारातून पिवळ्या उजेडाची एक पट्टी बाहेर पडली होती आणि कोणी मुलगी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. सवयीने माझी नजर दाराच्या बाजूला गेली. भिंतीवरच्या हुकांना वाळूच्या तीन लाल बादल्या टांगलेल्या होत्या. एकीत कोणीतरी बसचे तिकीट घडी करून खोचले होते. मी ते काढून खिशात टाकले, वाळूत बोट घालून पाहिले. कोरडी होती, आणि बादली काठोकाठ भरलेली होती.